भांड्यांवर नावं आणि स्टीलवर रंग: फायबर लेझर मशीन कोणतं घ्यावं?

उद्यमनगरी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमचं भांड्यांचं छोटं दुकान आहे. बाबा गेली चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या भांड्यांवर नावं घालून देतात. हातात ते गुणगुणणारं विजेचं पेन, मांडीवर डबा नाहीतर कळशी, आणि 'चि. सौ. कां.' पासून 'यांजकडून सप्रेम भेट' पर्यंत सगळं ठिपक्याठिपक्यांचं. आता त्यांचा हात कापतो. लग्नसराईत पन्नास ताटं आली की दोन दिवस खांदा धरून बसतात. म्हणून मशीन घ्यायचं नक्की केलंय.

कामं अशी: स्टील, पितळ, तांब्याच्या भांड्यांवर नावं. शिवाय शिरोलीतले दोन ओळखीचे कारखानदार कास्टिंगवर (ओतीव भागांवर) नंबर आणि क्यूआर कोड मारून द्याल का म्हणून विचारतायत. तिसरं काम रंगाचं. एका प्रदर्शनात स्टीलच्या पत्र्यावर लेझरनं काढलेला मोर पाहिला. शाई नाही, पेंट नाही, नुसत्या पत्र्यावर निळा, हिरवा, जांभळा. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

दोन कोटेशनं हातात आहेत. ३० वॅट क्यू-स्विच, २ लाख ६० हजार. ६० वॅट मोपा, ५ लाख ४० हजार. दोन्हीवर जीएसटी वेगळा. पहिलं मशीन विकणारा म्हणतो, 'रंग काय, आमच्यावर पण येतात.' मग दुप्पट पैसे कशाचे? वापरलेल्यांनी सांगा.

भोसरीकर | सोमवार, रात्री १०:१५

सहा वर्षं जॉबवर्क करतोय, दोन मशीनं आहेत. तुम्ही तीन कामं लिहिलीत, त्यातल्या पहिल्या दोनांना ३० वॅट क्यू-स्विच भरपूर झालं. तिसऱ्याला मोपाच. विकणारा अगदी खोटं बोलत नाहीये. क्यू-स्विचवर फोकस थोडा वर घेऊन, वेग कमी-जास्त करून सोनेरी, तपकिरी, निळसर असे चार-पाच रंग निघतात. पण काल आलेला निळा आज येईलच असं नाही.

फरक असा आहे. दोन्हीचा प्रकाश एकच, १०६४ नॅनोमीटर. लेझर सलग नाही, ठोक्याठोक्यानं (पल्सनं) येतो. क्यू-स्विचमध्ये एका ठोक्याची लांबी कारखान्यातच ठरून येते, साधारण शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास. मोपात ती तुमच्या हातात असते. माझ्या ६० वॅटवर २ नॅनोसेकंदांपासून काही शे नॅनोसेकंदांपर्यंत जाता येतं. क्यू-स्विच म्हणजे एकाच वजनाचा घण. मोपा म्हणजे सोनाराची हातोड्यांची अख्खी पेटी. खोल कोरायचं तर लांब ठोका, रंग काढायचा तर बारीक आणि लगोलग.

पेडण्याचा | सोमवार, रात्री १०:३१

भोसरीकर, आमच्याकडे गोव्यात मोपा म्हटलं की विमानतळच! मागच्या वर्षी 'मोपाला जाऊन येतो' असं घरी सांगून लेझरवाल्याकडे गेलो, तर बायको विचारते, कोण येतंय? :)

उद्या सविस्तर लिहितो. समुद्राकाठच्या माणसांना रंगाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी.

माहेरवाशीण | सोमवार, रात्री १०:५०

यातलं काहीच कळत नाही, पण 'यांजकडून सप्रेम भेट' वाचून स्वयंपाकघरात जाऊन आले. आईच्या लग्नातला डबा आहे माझ्याकडे, १९७८ चा. खाली असंच ठिपक्यांत आजोबांचं नाव.

एक प्रश्न: भांड्यावर रंगीत नाव काढलं तर घासून घासून ते टिकेल का?

नीरक्षीर | मंगळवार, सकाळी ७:०५

माहेरवाशीण यांनी या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे. उत्तर: कोरलेलं नाव टिकेल, रंग टिकणार नाही. मी धातुशास्त्र शिकवायचो, म्हणून जरा सविस्तर.

गावातला लोहार विळ्याला पाणी देतो ते पाहिलं असेल. तापवून विझवलेला विळा तो पुन्हा हलकेच तापवतो आणि पात्याकडे टक लावून बसतो. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. साध्या पोलादाला गवती रंग साधारण २३० अंश सेल्सिअसला येतो, निळा ३०० च्या आसपास. हवा तो रंग धारेपर्यंत पोचला की लोहार पातं पाण्यात घालतो. तो रंग म्हणजे त्याचा तापमापक.

लेझरचा रंग याच जातीचा. तापलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पारदर्शक थर धरतो. थराच्या वरच्या अंगावरून आणि खालच्या अंगावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. काही रंग विझतात, काही उजळतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसतात तेच हे. थर थोडा जाड झाला की रंग बदलतो. बुलेटच्या सायलेन्सरचा बाक निळा पडतो तोही याच कारणानं. स्टेनलेसला मात्र साध्या पोलादापेक्षा बरंच जास्त तापमान लागतं.

म्हणजे उद्यमनगरी, तुम्ही रंग विकत घेत नाही, थराची जाडी विकत घेता. ती नॅनोमीटरांत मोजतात. तारेच्या घासणीपुढे तिचा काय निभाव लागणार?

अवांतर: काचेच्या तंतूचा लेझर करण्याची युक्ती एलायस स्निट्झर यांची, १९६० च्या दशकातली. त्यांनी तंतूत निओडिमियम घातलं होतं, आजच्या या मशीनांत यटर्बियम असतं. आणि 'फायबर ऑप्टिक्स' हा शब्द रूढ केला तो पंजाबातल्या मोग्याला जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी.

हिशेबी | मंगळवार, सकाळी ९:२०

नीरक्षीर सरांनी विषयच संपवला. धंदा भांड्यांचा, रंग भांड्यावर टिकत नाही, मग ५ लाख ४० हजार कशाला घालता? ३० वॅट घ्या, वर्षभरात पैसे काढा, मग मोराच्या मागे लागा.

चंदेरी | मंगळवार, सकाळी ११:४५

हिशेबी, एवढं सोपं नाहीये ते. मी नाशिकला चांदीचं काम करते. २० वॅटचं मोपा आहे, क्यू-स्विच घेतलं नाही याचं रोज समाधान वाटतं. रंग हा मोपाचा एक उपयोग झाला. ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमवर काळंभोर अक्षर पाहिजे असेल तर बारीक ठोकाच लागतो. क्यू-स्विचवर ते पांढुरकं नाहीतर राखाडी येतं, कारण वरचा रंग जळून जातो. चांदीच्या पातळ पत्र्यावर लांब ठोका मारला की पत्रा मागून फुगतो, बारीक ठोक्यानं फुगत नाही. तेव्हा 'मोपा म्हणजे रंग' असं धरू नका.

उद्यमनगरी, ६० वॅटच पाहिजे असंही काही नाही. रंगाला ताकद फार लागत नाही. माझे रंग २० वॅटवर छान येतात, फक्त वेळ लागतो. ३० वॅट मोपाचं कोटेशन मागितलं होतं का?

अजून एक. सोन्याच्या दुकानदारांची कामं मिळतील असं कोणी सांगितलं तर सावध राहा. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र सहा अक्षर-अंकी क्रमांकाशिवाय, हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. तो क्रमांक लेझरनंच मारतात, पण मारायचा अधिकार मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्राला. आपण अंगठीत नावं घालायची, हॉलमार्कला हात लावायचा नाही.

पेडण्याचा | मंगळवार, दुपारी १:१०

आता ती गोष्ट. मी घरांच्या पाट्या करतो. स्टीलचा पत्रा, त्यावर लेझरनं गडद नाव आणि कडेला रंगीत वेल. दिसायला सुरेख. पहिल्या पावसाळ्यात अकरा पाट्या लावल्या. दसऱ्याला एका गिऱ्हाइकानं फोटो पाठवला. प्रत्येक अक्षराच्या कडेला तांबूस ओघळ. नाव रडल्यासारखं दिसत होतं. त्यातल्या सात पाट्या मी पदरचे पैसे घालून बदलून दिल्या.

स्टेनलेस का गंजलं ते सरच सांगतील. तेव्हापासून बाहेरच्या पाटीला ३१६ जातीच्या स्टेनलेसचा पत्रा आणि खोल कोरून भरलेला रंग. लेझरचा रंग फक्त घरातल्या वस्तूंवर. वरून लॅकर मारून बघितलं, तर रंगाची छटाच बदलली. कोणी करणार असेल तर आधी तुकड्यावर बघा.

नीरक्षीर | मंगळवार, दुपारी २:३०

स्टेनलेसचं स्टेनलेसपण क्रोमियमवर उभं आहे. ३०४ या नेहमीच्या जातीत ते साधारण १८ टक्के असतं. लेझरनं तापवलं की क्रोमियम वरच्या ऑक्साइडमध्ये जातं आणि लगतच्या धातूत ते कमी पडतं. त्यात खारी हवा, आणि वेंगुर्ल्यापासून काणकोणपर्यंत तिला तोटा नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला बरंच पुरून उरतं. पेडण्याचा, तुम्ही योग्य तेच केलंत.

गिरगावकर | मंगळवार, दुपारी ३:०२

वाचतोय. वाचनखूण साठवली.

श्टुटगार्टवासी | मंगळवार, सायंकाळी ६:५५

चोवीस प्रतिसाद होत आले तरी डोळ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितोय. [संपादन: मोजायला चुकलो, अकराच झालेत. मुद्दा तोच.]

ही मशीनं वर्ग ४ ची, म्हणजे लेझरच्या सुरक्षा-वर्गांतल्या सगळ्यात धोकादायक वर्गाची असतात. १०६४ नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. पण बुबुळातून तो प्रकाश आरपार जातो आणि डोळ्याचं भिंग त्याला थेट पडद्यावर एकवटतं. तिथे दुखतही नाही. चकचकीत ताटावरून, कळशीच्या गोल पोटावरून किरण कुठे परतेल ते सांगता येत नाही. तुमचं सगळं काम चकचकीत गोल वस्तूंवर आहे, उद्यमनगरी. दुकानात गिऱ्हाइकं उभी असणार, त्यांच्या बोटाला धरून पोरं असणार.

इथे जर्मनीत वर्ग ४ चा लेझर चालवायचा तर लेझर सुरक्षेसाठी माणूस लेखी नेमावा लागतो, तसा कायदाच आहे. आपल्याकडे मशीनसोबत एक हिरवा चष्मा देतात आणि विषय मिटतो. त्या चष्म्यावर १०६४ लिहिलंय का आणि पुढे ओडी (चष्मा प्रकाश किती अडवतो त्याचं माप) ६ किंवा जास्त आहे का ते बघा. काहीच छापलेलं नसेल तर तो चष्मा म्हणजे नुसतं हिरवं प्लास्टिक. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरचा पारदर्शक चष्मा इथे चालत नाही.

माझं स्पष्ट मत आहे: पैसे वाचवायचे तर वॅटमध्ये वाचवा, पण बंद पेटीचं मशीन घ्या. दार उघडलं की लेझर थांबतो अशी पेटी असली की समोर उभ्या माणसासाठी ते वर्ग १, म्हणजे सुरक्षित ठरतं.

भोसरीकर | मंगळवार, सायंकाळी ७:२०

+१०००. आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक पोरगा उघड्या मशीनवर बिनचष्म्याचा काम करायचा. आता वाचताना ओळीच्या मधोमध त्याला एक ठिपका दिसतो, तो जात नाही. वय तेवीस. मी दुसऱ्याच दिवशी माझ्या मशीनला पेटी करून घेतली.

धूर ओढून घेणारा पंखा आणि फिल्टरही पाहिजे. स्टीलच्या धुरात क्रोमियम असतं, पितळेच्या धुरात जस्त. नळी खिडकीतून शेजाऱ्याकडे सोडून चालणार नाही.

उद्यमनगरी | मंगळवार, रात्री १०:०५

एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. श्टुटगार्टवासी, दोन्ही कोटेशनं उघड्या मशीनची आहेत. उद्याच फोन करून पेटीसह भाव मागतो. बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाले, पेन चालवताना निदान आपल्याला दिसायचं तरी आपण काय करतोय ते.

चंदेरीताई, ३० वॅट मोपाचं विचारलंच नव्हतं. विचारतो. भिंगाचं काय? एक म्हणतो ११० ची लेन्स देतो, दुसरा म्हणतो १७५ ची फुकट देतो, मोठं ताट बसेल.

भोसरीकर | मंगळवार, रात्री १०:४०

फुकटची १७५ घेऊन फसू नका. ११० म्हणजे ११० बाय ११० मिलिमीटरची जागा, भिंगाचं फोकल अंतर साधारण १६०. १७५ ला ते २५४. अंतर वाढलं की किरणाचं टिंबही त्याच प्रमाणात मोठं होतं. २५४ भागिले १६० म्हणजे जवळपास १.६, आणि क्षेत्रफळ त्याच्या वर्गानं, अडीच पट. तीच ताकद अडीच पट जागेवर पसरली. खोदकाम मंदावतं, बारीक अक्षर जाडं होतं. ताटाच्या काठावर नाव घालायला ११० पुरतं, ताट सरकवायचं. दोन्ही भिंगं घ्या, पण चाचणी ११० वर मागा.

डब्या-कळश्यांसाठी रोटरी, म्हणजे गोल वस्तू फिरवणारी जोडणी, लागेलच. आणि खांबावर वरखाली होणारं लेझरचं हेड भरपूर उंच जातं का ते बघा. कळशी रोटरीवर चढवली आणि वर फोकस मिळायला जागाच उरली नाही, असं दोघांचं झालेलं पाहिलंय.

हिशेबी | बुधवार, सकाळी ८:३०

रंगाच्या वेळेचा हिशेब कोणी मांडलेला नाही, म्हणून मी मांडतो. चंदेरी, आकडे चुकले तर सांगा. ५० बाय ५० मिलिमीटरचा एक चौकोन. रंगासाठी रेघा अगदी चिकटून घ्याव्या लागतात, समजा ०.००५ मिलिमीटरवर. म्हणजे १० हजार रेघा, प्रत्येकी ५० मिलिमीटर. एकूण ५०० मीटर. वेग सेकंदाला १ हजार मिलिमीटर धरला तर ५०० सेकंद, सव्वाआठ मिनिटं, आणि किरण फिरवणारे आरसे वळायला लागतो तो वेळ वेगळा. हे एका रंगाचं, हातभर मोराचं नव्हे. तेवढ्या वेळात नावाची पंधरा ताटं होतात. तुमच्या गल्लीत सव्वाआठ मिनिटांचे किती पैसे मिळतात?

चंदेरी | बुधवार, सकाळी १०:१०

हिशेब बरोबर आहे. माझा वेळ याच्याच आसपास जातो. म्हणून मी रंग फक्त छोट्या जागेवर घेते: कानातल्याचं टायटॅनियमचं पान, स्टीलच्या की-चेनवरचं कमळ. टायटॅनियमवर रंग स्टीलपेक्षा खुलतात आणि हाताला तर लागतच नाहीत.

रंगाचं तक्ता-प्रकरण सांगते, कारण खरी मेहनत तिथे आहे. शंभर मिलिमीटरच्या चौकोनी पत्र्यावर दहा बाय दहाची घरं आखायची. आडवा वेग बदलत जायचा, उभी फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती ठोके ते. दीड तास मशीन चालतं. पत्रा खिडकीशी नेऊन तिरका धरला की पहिल्या ओळीत काही नाही, दुसरीत चहासारखा पिवळट, चौथ्या ओळीच्या तिसऱ्या घरात एकदम मधाचा रंग आणि त्याच्या शेजारच्याच घरात जांभळा. मधे काही नाही. मग त्या दोन घरांच्या मधली दहा घरं परत काढायची. असे तक्ते माझ्याकडे चाळीस आहेत, प्रत्येकाच्या मागे पत्र्याचा प्रकार आणि तारीख लिहिलेली. हिरवा मला तीन आठवड्यांनी सापडला. लालभडक अजून सापडलेला नाही.

आणि तक्ता त्याच पत्र्याचा, त्याच जाडीचा. पातळ पत्रा तापतो, जाड पत्रा उष्णता ओढून घेतो, रंग वेगळा. बोटाचा ठसा राहिला तर तोही छापून येतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, मग हात लावायचा नाही.

लोखंडे_चुंबक | बुधवार, दुपारी १२:००

भांड्यांचं स्टील ३०४ च असेल असं धरू नका. खिशात चुंबक ठेवा. घट्ट चिकटलं तर ४०० मालिकेचं. ३०४ ला चिकटत नाही, वाकवलेल्या कडेला किंचित ओढ लागते. २०० मालिकेलाही चिकटत नाही, त्यामुळे चुंबक अर्धंच सांगतं, पण तेवढंही कामाचं आहे. प्रत्येकावर रंग निराळे.

दर्यावर्दी | बुधवार, दुपारी २:१५

एवढे पैसे घालण्यापेक्षा सरळ चीनहून का मागवत नाही? मशीन तिथलंच, लेझर सोर्स तिथलाच: जेपीटी, रेकस, मॅक्स सगळे चिनी. मधला माणूस फक्त स्टिकर लावतो.

भोसरीकर | बुधवार, दुपारी २:५०

मागवलं होतं, दुसरं मशीन तसंच आलंय. आयईसी (आयात-निर्यातीचा) क्रमांक काढा, ड्यूटी, १८ टक्के जीएसटी, भाडं, एजंट. माझे कागद अपुरे होते म्हणून पेटी बंदरात अडकली. हातात पडेपर्यंत वाचले ते चाळीस हजार. आठव्या महिन्यात गॅल्व्होचा (किरण फिरवणाऱ्या भागाचा) एक आरसा अडखळायला लागला, गोल काढला की अंडं यायचं. सुटा भाग यायला पाच आठवडे. लग्नसराईत पाच आठवडे मशीन बंद ठेवायची तयारी असेल तर मागवा. पहिलं मशीन जवळच्या माणसाकडूनच घ्यावं.

मात्र इथल्याकडून घेतानाही सोर्सवरची पट्टी उघडून वाचा. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, फोटो काढून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये पल्स विड्थचा, म्हणजे ठोक्याच्या लांबीचा रकाना दिसला पाहिजे आणि तो बदलल्यावर मशीनचा आवाज बदलला पाहिजे. 'मोपा' म्हणून विकलेलं एक क्यू-स्विच मी स्वतः उघडून पाहिलंय. कोणी विकलं ते इथे लिहीत नाही.

ओवी_अभंग | बुधवार, दुपारी ४:३५

मराठी अक्षरांचं कसं करता? माझ्या मशीनसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड टाइप केलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. 'श्री' चं 'श् री' झालेलं एक ताट घरी पडून आहे.

भोसरीकर | बुधवार, सायंकाळी ५:००

मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करूच नका. इंकस्केप किंवा कोरल अशा चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहा, वळणरेषांमध्ये बदला, मग फाइल आत घ्या. वळणरेषा झाल्या की अक्षर अक्षर राहत नाही, चित्र होतं, मोडायचा प्रश्न नाही. मशीनसोबतच्या इझकॅड सॉफ्टवेअरऐवजी लाइटबर्न वापरायचं असेल तर गॅल्व्होसाठी ते २०२२ पासून चालतं, पण मशीनमधलं कार्ड त्याला जुळणारं हवं. घेण्याआधी विचारा.

माहेरवाशीण | बुधवार, रात्री ९:१५

'चित्र होतं' असं वाचलं म्हणून विचारते. आईच्या डब्यावरचं आजोबांचं नाव फोटोवरून जसंच्या तसं दुसऱ्या डब्यावर काढता येईल का? लेक ऑक्टोबरमध्ये नव्या घरी जातेय. मला कॉम्प्युटरचं अक्षर नको. 'र' चा पाय डावीकडे जरा लांबलाय तो तसाच हवा.

उद्यमनगरी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:२०

उशीर झाला, माफ करा. रोज धागा वाचत होतो, हातात काही सांगण्यासारखं आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

भोसरीकरांचं ऐकून दोन विक्रेत्यांकडे स्वतःची भांडी घेऊन गेलो. एक स्टीलचं ताट, पितळी तांब्या, तांब्याची बाटली, शिरोलीचं एक कास्टिंग आणि १ मिलिमीटरचा ३०४ चा पत्रा. पहिल्याकडे त्यांचा नमुन्याचा पत्रा झकास रंगला. माझ्या पत्र्यावर त्याच सेटिंगनं मातकट तपकिरी आला. त्यांनी पाऊण तास खटपट केली आणि म्हणाले, पत्रा खराब आहे. दुसऱ्याकडे ३० वॅटचं मोपा, बंद पेटीचं. तिथल्या मुलीनं आधी पत्रा पुसला, छोटा तक्ता काढला, त्यातलं निळं घर निवडलं आणि तेच घर दहा वेळा ओळीत काढून दाखवलं. दहाही सारखे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो, मशीन थंड असताना, आणि अकरावा काढायला लावला. पहिल्या दहांच्या शेजारी ठेवला. किंचित फिका, पण निळाच.

तांब्याच्या बाटलीनं सगळ्यांचाच घाम काढला, बराचसा प्रकाश परत फेकते ती. कास्टिंगवर क्यूआर कोड दोन्हीकडे पहिल्या झटक्यात मोबाइलनं वाचला.

३० वॅट मोपा घेतलं. पेटी, रोटरी, ११० ची लेन्स आणि धुराचा पंखा धरून ६० वॅटच्या कोटेशनपेक्षा पाऊण लाखानं कमी पडलं. हिशेबी, तुमचा सव्वाआठ मिनिटांचा आकडा मी दुकानात कागदावर लिहून लावलाय. रंगाची कामं सध्या रात्री, दुकान बंद झाल्यावर. मोर अजून झालेला नाही. मानेचा निळा सापडला, पिसाऱ्यातला हिरवा सापडत नाही.

माहेरवाशीणताई, तुमचा फोटो व्यक्तिगत निरोपात मिळाला. त्यावरून वळणरेषा काढल्या तर सगळं गुळगुळीत झालं, आजोबांचं वाटेना. बाबा मागे उभे होते. म्हणाले, रेघ ओढू नकोस, ते पेन रेघ ओढत नाही, टोचतं. मग फोटो मोठा करून प्रत्येक ठिपक्यावर ठिपका ठेवला. नाव, आडनाव आणि गाव मिळून ४१२ ठिपके. 'र' च्या लांबलेल्या पायात नऊ आहेत, शेवटचे दोन एकमेकांवर चढलेले, तेही तसेच ठेवलेत. जुन्या पत्र्यावर चाचणी केली आणि बाबांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाले, खोली कमी आहे, अजून दोन फेऱ्या मार. दोन मारल्या.

माहेरवाशीण | रविवार, रात्री ८:५५

चाचणीच्या पत्र्याचा फोटो पाठवाल का? आणि डबा मी कुरिअरनं पाठवू की स्वतः घेऊन येऊ?

उद्यमनगरी | रविवार, रात्री ९:१०

फोटो पाठवलाय. डबा घेऊन स्वतः या. जुनाही आणा, दोन्ही शेजारी ठेवून बाबांनाच बघू दे.

चंदेरी | रविवार, रात्री ९:३०

उद्यमनगरी, हिरव्यासाठी रेघांमधलं अंतर आणखी कमी करून बघा आणि वेग तोच ठेवा. माझा तिथेच सापडला होता, तक्ता क्रमांक एकतीस. फोटो टाकते.